हात लावला, तेव्हा दिसलं : एस. बी. यांचं प्रकरण

डिसेंबर १९५८ मध्ये इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन इथल्या नेत्ररुग्णालयात ५२ वर्षांच्या एका माणसाच्या एका डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारी १९५९ मध्ये दुसऱ्यावर. दोन्ही डोळ्यांवर नवा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, बसवला गेला. हा माणूस दहा महिन्यांचा असताना त्याची दृष्टी गेली होती. वैद्यकीय अर्थाने शस्त्रक्रिया यशस्वी झाली. ऑगस्ट १९६० मध्ये तो वारला, आणि मधलं दीड वर्ष त्याने बहुतांशी खिन्नतेत काढलं.

मानसशास्त्राच्या नोंदींत त्यांची ओळख 'एस. बी.' या आद्याक्षरांनी आहे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी या शस्त्रक्रियेची बातमी वर्तमानपत्रात वाचली. सहकारी जीन वॉलेस यांना घेऊन, गाडीत चाचण्यांचं साहित्य भरून ते रुग्णालयात पोहोचले. दोघांचा सविस्तर अहवाल १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून दृष्टीवर बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण या प्रकरणापाशी येतोच.

येतो, पण बऱ्याचदा सोयीचं तेवढं घेऊन जातो. कुणी याची चमत्कारकथा करतं, तर कुणी 'त्यापेक्षा आंधळेपण बरं होतं' असा निष्कर्ष काढतं. मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात, आणि दुसरं तर घातक वाटतं. नोंदी नीट वाचल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. एस. बी. यांच्या हातांनी जे आधी ओळखलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांना दिसलं. हात जिथे पोहोचला नव्हता, तिथे डोळे उघडे असूनही फारसं काही हाती लागलं नाही.

शस्त्रक्रियेआधीचा माणूस

जन्म १९०६ चा. डोळ्यांच्या संसर्गाने दोन्ही कॉर्निया पांढुरके झाले. उजेड आणि अंधार कळायचा, उजेड कुठून येतो हे कळायचं, आकार म्हणून काही दिसत नव्हतं. बर्मिंगहॅमच्या अंधशाळेत शिक्षण झालं, तिथेच बूट दुरुस्तीचं काम शिकले आणि पुढे त्यावरच पोट भरलं.

हा माणूस खुर्चीत बसून राहणारा नव्हता. बागकाम करायचे. साध्या हत्यारांनी वस्तू बनवायचे. शेजारून सायकल चालवणाऱ्या मित्राच्या खांद्यावर हात ठेवून स्वतः सायकल चालवायचे. मेहुण्याची मोटार धुवायला त्यांना आवडायचं, कारण धुताना गाडीचा सगळा घाट हाताखालून जायचा आणि ती कशी दिसत असेल याची ते कल्पना करत. काठी पुढे करून गजबजलेला रस्ता ते एकटे, न डगमगता ओलांडत. ओळखीच्या लोकांत त्यांना मान होता, आणि तो कमावलेला होता. डोळे नसताना हा गडी एवढं करतो याचं लोकांना कौतुक होतं.

हे आधीचं आयुष्य सविस्तर सांगायचं कारण असं की शस्त्रक्रियेकडे आपण कायम एका बाजूने बघतो. अभाव होता, तो भरून निघाला. पण एस. बी. यांच्याकडे पन्नास वर्षं घडवलेलं एक भरलेलं जग होतं. स्पर्श, आवाज, वास, अंतराचा अंदाज, पायाखालची जमीन या सगळ्यांचं मिळून बनलेलं. त्यात डोळ्यांसाठी रिकामी जागा सोडलेली नव्हती.

पट्टी निघाल्यावर

पहिल्यांदा समोर आला तो शल्यविशारदांचा चेहरा. एस. बी. यांनी पुढे सांगितलं त्यानुसार, समोरून, जरा बाजूने आवाज आला, त्यांनी त्या दिशेला मान वळवली आणि एक धूसर डाग दिसला. हा चेहरा असणार हे त्यांनी ओळखलं ते आवाजावरून. आवाज तोंडातून येतो हे ठाऊक होतं, म्हणून आवाजाच्या जागी जे काही आहे तो चेहरा.

म्हणजे पहिल्या क्षणाला डोळ्यांना रस्ता दाखवला तो कानाने. पुढच्या दीड वर्षातही चेहरे त्यांना कधी बोलके वाटले नाहीत. माणूस ओळखायचा तो आवाजावरून. हसू, आठ्या, नजर टाळणं यातलं काही चेहऱ्यावरून वाचता येत नव्हतं. आपण समोरच्याच्या भुवईची जराशी हालचाल बघून वाक्य मध्येच बदलतो. हे आपण कधी आणि कसं शिकलो, हे आपल्यालाही सांगता येणार नाही.

ग्रेगरी आणि वॉलेस पोहोचले तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेला सुमारे सात आठवडे झाले होते. हा तपशील लक्षात ठेवायला हवा, पुढे त्यावर बरंच अवलंबून आहे. एव्हाना एस. बी. हात न लावता वॉर्डातून फिरत होते आणि खोलीतल्या बहुतेक वस्तूंची नावं सांगत होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्यांनी वेळ अचूक सांगितली, तेव्हा पाहुण्यांना आधी वाटलं, हा माणूस पूर्ण आंधळा नसणारच. मग एस. बी. यांनी खिशातलं आपलं मोठं घड्याळ दाखवलं. त्यावर काच नव्हती. वर्षानुवर्षं ते काट्यांवर बोट फिरवून वेळ बघत आले होते. भिंतीवरचे काटे डोळ्यांना नवे असले तरी त्यांना नवे नव्हते.

अक्षरांचं तसंच. इंग्रजी मोठी लिपी, म्हणजे कॅपिटल अक्षरं, त्यांना बघून वाचता आली. आकडे वाचता आले. छोटी अक्षरं आली नाहीत. कारण अंधशाळेत लाकडी ठोकळ्यांवरची मोठी अक्षरं मुलांना हाताने चाचपायला देत. पितळी पाट्यांवरची कोरीव नावं बोटांनी वाचता यावीत, हा त्यामागचा हेतू. छोटी अक्षरं शिकवतच नसत.

या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा मी याला मानतो. 'सात आठवड्यांत काहीतरी शिकलेच असतील' असा आक्षेप कुणी घेऊ शकेल, आणि तो रास्तही आहे. पण त्या सात आठवड्यांत त्यांच्या डोळ्यांसमोर दोन्ही प्रकारची अक्षरं आली असणार. वर्तमानपत्रात, मासिकांत छोटी अक्षरंच जास्त असतात. डोळे तेच, दिवस तेवढेच, माणूस तोच. फरक एकाच गोष्टीचा होता. एक लिपी बोटांखालून गेलेली होती, दुसरी नव्हती.

बसच्या चित्रातही हेच उमटलं. ग्रेगरींनी त्यांना बस काढायला सांगितली. खिडक्या आल्या, दारं आली, चाकं आली, आणि चाकांना आरे आले, जे बसच्या चाकांना डोळ्यांना दिसतील असे नसतात. पण बसचं तोंड, म्हणजे इंजिनाचा पुढचा भाग, चित्रात नव्हताच. आंधळा प्रवासी बसला हात लावतो तो चढता-उतरताना, बाजूने. धावत्या बसच्या नाकाडाला हात लावायची वेळ कुणावर येत नाही. सुमारे वर्षभराने पुन्हा चित्र काढून घेतलं तेव्हा आरे गेले होते, गाडीवरची अक्षरं आली होती. पुढचा भाग मात्र तेव्हाही आला नाही. रोज रस्त्यावर बसगाड्या दिसत असूनही.

अंतराचं गणित विचित्र होतं. खोलीतलं, हाताच्या टप्प्यातलं अंतर ते बरोबर सांगत. पण रुग्णालयाच्या खिडकीतून खाली बघून त्यांना वाटलं, चौकटीला धरून लोंबकळलो तर पाय जमिनीला टेकतील. जमीन तीस-चाळीस फूट खाली होती. आडवं अंतर पावलांनी मोजून पक्कं झालेलं होतं. वरून खालची खोली मापायला मात्र आंधळ्या माणसाकडे पाऊल नाही की हात नाही.

चंद्राबद्दलही त्यांनी विचारलं होतं. कोर बघून त्यांना आश्चर्य वाटलं. 'चतुर्थांश चंद्र' हे शब्द ऐकून त्यांनी केकच्या पाव तुकड्यासारखा काहीतरी आकार मनाशी धरला होता. डोळ्यांनी बघणारं पोर शब्द शिकतं तेव्हा आकाशाकडे बोट दाखवणारं कुणीतरी शेजारी असतं. इथे शब्द पन्नास वर्षं आधी आला आणि चंद्र नंतर.

काचेच्या पेटीतलं लेथ

ग्रेगरी त्यांना लंडनला घेऊन गेले. शहर बघून त्यांना काही वाटलं नाही. भव्य इमारती कंटाळवाण्या वाटल्या. ट्रफाल्गर चौकातली कबुतरं आवडली, कारण त्यांना हात लावता येत होता. मग विज्ञान संग्रहालयात गेले. हत्यारांचा नाद आयुष्यभराचा, आणि लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, काम करायची हौस राहून गेलेली. तिथे हेन्री मॉडस्ली यांनी सुमारे १८०० मध्ये बनवलेलं, आटे पाडायचं प्रसिद्ध लेथ काचेच्या पेटीत ठेवलेलं आहे. त्यांना पेटीसमोर उभं केलं.

काय दिसतंय, विचारलं. फारसं काही सांगता येईना. सगळ्यात जवळचा भाग हँडल असावा, एवढंच म्हणाले. धातू कापला जातो ती जागाच दिसत नाही अशी तक्रार केली आणि बेचैन झाले. ग्रेगरींनी आधीच परवानगी काढून ठेवली होती. रक्षकाने पेटी उघडली. एस. बी. यांनी डोळे घट्ट मिटले आणि लेथवर दोन्ही हात अधीरपणे फिरवायला सुरुवात केली. मिनिटभर हे चाललं. मग मागे सरकले, डोळे उघडले आणि म्हणाले, 'आता हात लावलाय ना, आता मला दिसतंय.'

आता भाग सांगता येऊ लागले.

डोळे मिटून घेतले, याकडे लक्ष द्या. उघडे ठेवून चाचपलं असतं तर दोन्ही इंद्रियांची माहिती एकदम मिळाली असती, असं आपल्याला वाटतं. पण त्यांच्यासाठी समोरचा रंगांचा आणि चमकेचा गोंधळ हा कामातला अडथळा होता. आधी हातांनी वस्तूची रचना पक्की करायची, मग ती रचना घेऊन डोळ्यांकडे जायचं. हात लावण्याआधीचं लेथ आणि हात लावल्यानंतरचं लेथ यांच्यापासून डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशात काडीचा फरक नव्हता. बदललं होतं ते त्या प्रकाशाचा अर्थ लावणारं ज्ञान. बघणं म्हणजे मेंदूने मांडलेला अंदाज आहे, डोळा त्याला पुरावा पुरवतो, ही ग्रेगरींची पुढची भूमिका, आणि हा प्रसंग तिच्या गाभ्याशी आहे.

तीनशे वर्षांचा प्रश्न

हा प्रश्न एस. बी. यांच्यापेक्षा फार जुना. आयर्लंडचे विल्यम मोलिन्यू यांनी १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्र लिहून विचारलं होतं : जन्मांध माणसाला हाताने गोल आणि घन ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली आणि दोन्ही वस्तू समोर टेबलावर ठेवल्या, तर हात न लावता गोल कुठला आणि घन कुठला हे सांगता येईल का? मोलिन्यू यांची पत्नी अंध होती, त्यामुळे प्रश्न निव्वळ खुर्चीत बसून केलेला नव्हता. दोघांचंही उत्तर 'नाही' असं होतं.

१७२८ मध्ये लंडनचे शल्यविशारद विल्यम चेसेल्डन यांनी मोतीबिंदू काढलेल्या तेरा वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. त्या मुलाला कुत्रं कुठलं आणि मांजर कुठलं ते बघून कळत नसे आणि पुन्हा पुन्हा विचारायची लाज वाटे. एकदा त्याने मांजर पकडलं, हात फिरवून चाचपलं, त्याच्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाला, 'बरं मनीबाई, पुढच्या वेळी ओळखेन तुला.' लेथच्या आधी दोनशे तीस वर्षं, आणि युक्ती तीच.

खरी काटेकोर चाचणी झाली ती आपल्या देशात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले प्राध्यापक पवन सिन्हा यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. उत्तर भारतातल्या खेड्यापाड्यांतली, उपचाराविना राहिलेली जन्मांध मुलं शोधायची, दिल्लीच्या श्रॉफ नेत्ररुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायच्या, आणि मुलं बघायला शिकतात कशी याचा अभ्यास करायचा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात ८ ते १७ वर्षांची पाच मुलं होती. पट्टी निघाल्यावर दोन दिवसांच्या आत त्यांना खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार दिले. हाताने चाचपलेला आकार हातानेच ओळखायचा, तर ९८ टक्के उत्तरं बरोबर. डोळ्यांनी बघितलेला डोळ्यांनीच ओळखायचा, तर ९२ टक्के. म्हणजे आकार वेगळे दिसण्याएवढी दृष्टी आली होती. पण हाताने चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखायचा म्हटलं की ५८ टक्के. दोनातून एक निवडायचा असल्याने निव्वळ अंदाजानेही ५० टक्के येतातच.

मोलिन्यूंना उत्तर मिळालं : नाही, येत नाही. पण ज्या मुलांची पुन्हा चाचणी घेता आली, त्यांची कामगिरी थोड्याच दिवसांत कमालीची सुधारली, आणि तीही कुणी मुद्दाम शिकवणी न घेता.

आता सात आठवड्यांच्या त्या तपशिलाकडे येऊ. एस. बी. पहिल्याच क्षणी कॅपिटल अक्षरं वाचू लागले, असं अनेक ठिकाणी सुचवलेलं असतं. ते धरता येणार नाही. हात आणि डोळा यांची सांधेजोड आपोआप आलेली नसते, ती करावी लागते, हे दिल्लीच्या मुलांनी दाखवलं. पण सांधायला हाताकडे काहीतरी असावं लागतं. एस. बी. यांच्याकडे घड्याळाचे काटे होते, कॅपिटल अक्षरं होती, हत्यारं होती. छोटी अक्षरं, चेहरे, बसचं तोंड, चाळीस फूट खोली यांच्यासाठी दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं.

भ्रम कुणाला होतो

ग्रेगरींनी दृष्टिभ्रमाच्या चाचण्याही घेतल्या. सारख्या लांबीच्या दोन रेषा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेले. आपल्याला दुसरी रेषा हटकून लांब वाटते. एस. बी. यांना हा भ्रम फार कमी झाला. कागदावर काढलेला पारदर्शक घन आपल्याला एकदा असा, एकदा तसा उलटा-सुलटा होताना दिसतो. त्यांना तो उलटला नाही, त्यात खोलीच दिसली नाही. नुसत्या रेषा.

संस्कृतीचा मुद्दा इथे येतो. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीतल्या तोडा लोकांवर याच बाणांच्या चाचण्या केल्या होत्या. इंग्रजांपेक्षा तोडांना हा भ्रम कमी होत होता. १९६६ मध्ये सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोव्हिट्स या संशोधकांनी अनेक समाजांतली मोजमापं एकत्र मांडली. काटकोनांच्या खोल्या, चौकोनी दारं, सरळ रस्ते यांत वाढलेल्या माणसाचा डोळा कोपऱ्यांवरून खोलपणा वाचायला सरावतो आणि म्हणून फसतो, असं त्यांचं म्हणणं. हा तर्क एस. बी. यांना छान लागू पडतो. घरं काटकोनीच होती, पण त्यांच्या डोळ्यांनी ती कधी वाचली नव्हती.

छान लागू पडतो, म्हणूनच मी जपून राहतो. २०१५ मध्ये प्रोजेक्ट प्रकाशनेच नऊ मुलांवर ही चाचणी दृष्टी येताच लगेच केली, आणि त्या मुलांना बाणांचा भ्रम झाला. आयुष्यात एकही खोली न बघितलेल्या मुलांना. म्हणजे या भ्रमाची सगळी जबाबदारी वाढीवर आणि भोवतालावर टाकता येत नाही, काही भाग यंत्रणेतच असला पाहिजे. एस. बी. यांना तो इतका कमी का झाला? पन्नास वर्षांचं वय, न वापरलेली दृष्टिकेंद्रं, कलम केलेल्या कॉर्नियातून येणारी ओबडधोबड प्रतिमा, यातलं काहीही असू शकेल. एका माणसाच्या प्रकरणावरून मानवजातीबद्दल बोलताना याची आठवण ठेवलेली बरी.

नंतरचं दीड वर्ष

रंग त्यांना आवडले, विशेषतः भडक आणि उजळ. पण जग त्यांनी कल्पिलं होतं त्यापेक्षा मळकं निघालं. भिंतीचा उडालेला रंग, पोपडे, डाग दिसले की त्यांना त्रास व्हायचा. बोटांना गुळगुळीत लागणारी वस्तू डोळ्यांना डागाळलेली दिसायची. संध्याकाळी उजेड उतरू लागला की मन खचायचं. काठीच्या भरवशावर जो रस्ता ते एकटे ओलांडत, तो आता कुणी दंडाला धरल्याशिवाय ओलांडवेना. गाड्या दिसू लागल्या होत्या, पण त्या किती लांब आहेत आणि किती वेगाने येताहेत हे कळत नव्हतं. जुनी पद्धत, आवाजावर आणि काठीवर विसंबायची, भीतीने मोडली होती. नवी तयार झाली नव्हती.

हळूहळू घरी असताना संध्याकाळी ते दिवा न लावताच बसू लागले. वाचन शेवटपर्यंत ब्रेलमध्येच राहिलं.

आणि लोक. आंधळा असून एवढं करतो म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो आता डोळे असून वाचू न शकणारा, चेहरे न ओळखणारा, रस्त्याला घाबरणारा माणूस ठरला. आसपासची माणसं टिंगल करू लागली. ग्रेगरींनी हा स्वाभिमानाचा मुद्दा स्पष्ट मांडला आहे, आणि मला तो सगळ्यात जास्त बोचतो. 'आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन' असं आपण किती सहज म्हणतो! एस. बी. यांना दोन मिळाले. पण वापरायला शिकवायला कुणी मिळालं नाही. शल्यविशारदांचं काम चोख होतं, शास्त्रज्ञांनी आस्थेने नोंदी केल्या, पण शस्त्रक्रियेनंतरच्या माणसाला हाताशी धरून 'हे असं बघ' म्हणणारी व्यवस्था तेव्हा नव्हती.

सगळं दुःख दृष्टीमुळेच आलं असंही मी म्हणणार नाही. एका माणसाच्या खिन्नतेची कारणं दुरून मोजता येत नाहीत. शिवाय उशिरा मिळालेली दृष्टी सगळ्यांना खचवते असं मुळीच नाही. बाराव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या एका भारतीय स्त्रीचा अभ्यास सिन्हा आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांनी केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. दृष्टी अधू असली तरी रोजच्या व्यवहारात ती डोळ्यांचा उत्तम उपयोग करत होती. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांच्या मांजरीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांनंतर लहानपणीचा ठरावीक काळ उलटला की उपयोग नाही असा समज पक्का झाला होता, आणि त्यापायी आठ-दहा वर्षांच्या आंधळ्या मुलांना परत पाठवलं जाई. म्हणून 'त्यापेक्षा आंधळेपण बरं' हे वाचन मी वर घातक म्हटलं.

आपल्याकडे

स्पर्शाने खात्री करून घेणं आपल्याला परकं नाही. पंढरपुरात मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्शाची वेगळी. मुखदर्शन लवकर होतं, तरी पायांवर डोकं टेकवायला माणसं तासन्‌तास उभी राहतात. विठ्ठल दिसला की पुरे, असं त्यांना कुणी पटवून देऊ शकत नाही. साडीच्या दुकानात रंग लांबून पसंत पडतो, पण पदर चिमटीत धरून पोत बघितल्याशिवाय पैसे दिले जात नाहीत. तरीही दवाखान्यात आणि शाळेत आलो की आपण डोळ्यालाच शहाणा समजतो आणि 'हात लावू नको' हे मुलाला पहिलं सांगतो.

शस्त्रक्रिया झालेल्या मराठी मुलाची एक अडचण तर एस. बी. यांच्यापेक्षा मोठी आहे. आपली अंध मुलं भारती ब्रेल शिकतात. त्यात प्रत्येक अक्षराला सहा टिंबांतली एक रचना आहे, आणि ती छापील देवनागरीच्या आकाराशी काहीही नातं सांगत नाही. सराईतपणे वाचणाऱ्या मुलीच्या बोटांखालून 'क'ची उभी रेघ, त्याची गाठ, वरची शिरोरेषा कधी गेलेलीच नसते. दृष्टी आल्यावर तिला छापील पान म्हणजे एस. बी. यांच्यापुढची छोटी अक्षरं. बालवाड्यांत खरकागदाची किंवा लाकडात कापलेली अक्षरं असतात, तीच अंधशाळांतही हवीत, आणि शस्त्रक्रियेची वाट न बघता हवीत.

घरच्यांनी करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पट्टी निघाल्यावर मुलासमोर वस्तू धरून 'ओळख बघू काय आहे' अशी परीक्षा घेऊ नये. तांब्या, पळी, चप्पल, दाराची कडी आधी हातात द्यावी, वाटल्यास डोळे मिटू द्यावेत, मग तीच वस्तू उजेडात, साध्या रंगाच्या कापडावर ठेवून दाखवावी. चेहरे ओळखता आले नाहीत तर रागावू नये, बोलत बोलत समोर यावं. जिन्याच्या वरच्या पायरीवर आणि गॅलरीच्या कठड्याशी सुरुवातीला एकटं सोडू नये, खोलीचा अंदाज सगळ्यात उशिरा येतो. पांढरी काठी लगेच काढून घेऊ नये. आणि ब्रेल येत असेल तर ते चालू ठेवावं. छापील अक्षर वाचायला महिने लागोत की वर्षं, तोवर गोष्टीचं पुस्तक त्या मुलाला त्याच्या बोटांनी वाचता आलं पाहिजे.